पालन आणि पोषण

‘पालनपोषण’ हा शब्द आपण इतक्या सवयीने एका दमात उच्चारतो, की त्यात दोन वेगळी कामे सांगितली आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. समास सोडवायला सांगितला तर विद्यार्थी ‘पालन आणि पोषण’ असा विग्रह बिनचूक करतात. आम्हीही तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. त्या ‘आणि’च्या दोन बाजूंमध्ये केवढे अंतर आहे, हे मात्र आम्हांला कळले ते दोन फूट लांबीच्या एका काचेच्या टाकीमुळे आणि तीत मेलेल्या अकरा माशांमुळे.

त्या वेळी आम्ही पोहरादेवीस राहत होतो. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातले हे गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे देऊळ यांमुळे बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि नगाऱ्याच्या घडणीची ती इमारत वर्तमानपत्रांतून सर्वदूर पोहोचली. आम्ही सांगतो ती हकिगत त्याच्या आधीची, २०१६च्या उन्हाळ्यातली.

टाकी आमची नव्हे. एका सहकाऱ्याची बदली झाली आणि सामानाच्या गाडीत काच टिकणार नाही म्हणून ती आमच्या गळ्यात पडली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच; म्हणजे साधारण पंचावन्न लिटर पाणी. तीत सहा गप्पी, चार काळ्या मॉली आणि चार निऑन टेट्रा. सोबत हवेचा पंप, स्पंजाची एक गाळणी आणि रंगीत दाण्यांची अर्धी डबी. सहकाऱ्याने जाताना सूचना दिली ती एवढीच, “फार घालू नका.” आम्ही मान हलवली. ‘फार’ म्हणजे किती, हे विचारायचे राहून गेले. भाषेच्या शिक्षकाने विशेषणाला परिमाण विचारू नये, ही चूक आज आम्हांला साधी वाटत नाही.

टाकी धुवायची म्हणून आम्ही ती आल्याबरोबर घासूनपुसून लख्ख केली, स्पंज बोअरच्या धारेखाली पिळून पांढरा केला आणि ताजे पाणी भरले. या स्वच्छतेचाही पुढच्या अनर्थात वाटा होता. पण ते नंतर.

त्या वर्षी रामनवमी १५ एप्रिलला होती. यात्रेच्या दिवसांत पोहरादेवीत घर असणे म्हणजे धर्मशाळा असणे. तांड्या-तांड्यांवरून, आंध्र-कर्नाटकातून लोक येतात, समाधीपुढे होमात लापशी-तुपाचा भोग लागतो, अरदास होते, आणि ज्याच्या दाराशी सावली असेल त्याच्याकडे माणसे टेकतात. आमच्या ओसरीवरही चार दिवस माणसांचा राबता होता. टाकी दिवाणखान्यात, दाराच्या समोरच. येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबे, पोरे काचेला नाक लावीत, आणि मग कोणीतरी डबी उचली. सकाळी चिमूटभर, दुपारी चिमूटभर. दाणे संपल्यावर पुरीचा चुरा, मुरमुरे, प्रसादाच्या लापशीचे एक शीत. आम्ही कोणालाही अडवले नाही. ज्या गावात चार दिवस चुली विझत नाहीत आणि आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देणे हा कमीपणा मानतात, तेथे एका मुक्या जिवाला घास घालणाऱ्याचा हात धरायचा कोणी? आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही ते बरे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधट झाले. तिसऱ्या दिवशी सगळे मासे वर आले आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करू लागले. पाहणाऱ्या प्रत्येकाने त्याचा एकच अर्थ लावला, आणि तो आम्हीही लावला: भुकेले आहेत. म्हणून आणखी घातले. रात्री वीज गेली, पंप बंद पडला. सकाळी टेट्रा चारही तळाशी होत्या, दुपारपर्यंत मॉली गेल्या, आणि संध्याकाळी तीन गप्पी उरले. दोन माद्या आणि एक नर.

आम्ही आयुष्यभर मजकूर वाचण्याचा आणि वाचायला शिकवण्याचा धंदा केला. अनेकार्थता, ध्वनी, व्यंजना यांवर तासन्‌तास बोललो. आणि समोर काचेमागे इतके ढळढळीत चिन्ह असताना ते नेमके उलटे वाचले. वर येऊन तोंड उघडणारा मासा घास मागत नव्हता. त्याला श्वास घेता येत नव्हता. आमच्या मनात देण्याची इच्छा आधीच तयार होती, म्हणून आम्हांला मागणे दिसले. संतकाव्यातली मासोळी पाण्याबाहेर तळमळते, आणि तिची तळमळ आपल्याला चटकन कळते. आमच्या मासोळ्या पाण्यातच तळमळल्या. त्या तळमळीला आमच्या वाचनात जागा नव्हती.

शेजारी एक वृद्ध बंजारा बाई राहत. गोरबोलीत आईला ‘याडी’ म्हणतात, आणि त्या सगळ्या आळीच्याच याडी होत्या. मेलेले मासे आम्ही कागदावर काढत असता त्या दाराशी आल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, ह्यायचं पोट केवढं असन?”

आम्हांला उत्तर देता आले नाही. चार दिवसांत एवढ्या माणसांनी त्यांना भरवले, पण हा प्रश्न एकट्या याडींना पडला. आणि त्या तेवढ्या भरवणाऱ्यांत नव्हत्या.

पुढे वाचून उत्तर मिळाले. लहान माशाचे पोट ढोबळ मानाने त्याच्या डोळ्याएवढे धरावे, असा मासे पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच घालावे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक दिवस काहीच घालू नये. मासा थंड रक्ताचा; शरीर ऊबदार ठेवण्यासाठी आपल्याला लागते तेवढे इंधन त्याला लागत नाही. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी सहसा बिघडत नाही. बिघडते ते उरलेल्या अन्नाने. ते कुजते, त्यातून आणि माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो, आणि तो कल्ल्यांना जाळतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. पंचावन्न लिटरांत तो जाणार कोठे?

यावर निसर्गाने तोड काढलेली आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू वाढतात ते वाळूवर, काचेवर आणि मुख्यतः गाळणीच्या स्पंजात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच जाणते लोक स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळतात. आम्ही तो बोअरच्या धारेखाली पिळून पांढरा केला होता. ज्यांच्या जिवावर टाकी जगत होती ती सगळी वस्ती आम्ही पहिल्याच दिवशी घाण समजून मोरीत सोडून दिली, आणि मग तीत यात्रेचा प्रसाद ओतला. त्यात एप्रिलमधला वऱ्हाडाचा उन्हाळा: पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. आणि काळ्या बेसाल्टातून आलेले आमचे बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त; अशा पाण्यात अमोनिया अधिक जहाल होतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आंबूस पाण्यातल्या टेट्रा आधी गेल्या, गप्पी टिकले, यात नशिबाचा भाग नव्हता. गप्पींना जड पाणी मानवते.

म्हणजे मासे पाळायचे तर पाणी पाळावे लागते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे. नवे पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो आणि पाणी टाकीइतकेच कोमट होते. काढलेले पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायचे. या कामांत माशांशी भेट होते ती ओझरती. त्यांत घास नाही, कौतुक नाही, पाहुण्यांना दाखवण्यासारखे काही नाही. हेच पालन. पोषण दोन मिनिटांत उरकते. आठवड्याचा उरलेला सगळा वेळ पालनाचा असतो.

मग आमचे लक्ष ‘पाळणे’ या क्रियापदाकडे गेले. आपण गाय पाळतो, मांजर पाळतो, मासे पाळतो. पण आपण पथ्यही पाळतो, शब्द पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो, मौन पाळतो. या दुसऱ्या यादीत सर्वत्र काहीतरी न करणे आहे. स्वतःला आवरणे आहे. ‘पोसणे’ या क्रियापदाला ही बाजू नाही. पथ्य कोणी पोसत नाही. उलट राग पोसतात, वैर पोसतात, भ्रम पोसतात. म्हणजे जे आवरायला हवे तेच पोसतात. पाळण्यात हात आखडता घेणेही आले, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. आम्ही तीच भाषा शिकवत होतो, आणि डबी कोणाच्याही हाती देत होतो.

वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यांना ‘मानसोल्लास’ हे नाव परिचित असते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ, इ. स. ११२९च्या सुमाराचा. त्यात आलेल्या जुन्या मराठी अवशेषांसाठी आपण त्याचे नाव परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे, हे आम्हांला मासे मेल्यानंतर कळले. तेथे माशांच्या जाती सांगितल्या आहेत आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, हेही सांगितले आहे. तपशील इतका बारकाईचा, की राजाला माशाचे पोट नक्की ठाऊक असणार. पण हे सगळे खाऊ घालणे गळाला लावण्यासाठी आहे. जवळजवळ नऊ शतकांपूर्वीच्या त्या राजाचे पोषण निदान प्रामाणिक होते: त्याला मासा हवा होता आणि तो तसे सांगतो. आम्हांला काय हवे होते? बहुधा आपण दयाळू आहोत असे वाटायला हवे होते. गळ त्यातही होता, फक्त तो आम्हांला दिसत नव्हता.

त्या आठवड्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली होती. मराठवाड्यात आणि आमच्याकडेही हंड्याला मोल होते. अशा दिवसांत पंचावन्न लिटर पाणी शोभेसाठी काचेत ठेवावे का, हा प्रश्न तीन मासे उरलेल्या टाकीपुढे बसलेले असता आम्हांला टोचत होता. टाकी रिकामी करणे सोपे होते. पण अकरा जीव अज्ञानाने मारून उरलेले तीन तत्त्वासाठी मारणे आम्हांला जमले नाही. आम्ही त्यांना ठेवले, आणि या वेळी पाळायचे ठरवले.

येथवर ही गोष्ट एका चुकीची आणि सुधारणेची झाली असती. पण आम्ही दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

गप्पी अंडी घालत नाहीत. मादी थेट पिल्ले देते. साधारण महिन्याला एक वेत, एका वेळी वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक पिल्ले. आणि एकदा नर भेटला की मादी त्या एका भेटीवर पुढे काही महिने विते. आम्ही आता नियमाने वागत होतो. कुलरच्या टाकीत झालेल्या डासांच्या अळ्या चहाच्या गाळणीने काढून मोजून घालत होतो, आणि त्या ज्या चपळाईने फस्त होत ते पाहताना आम्हांला पहिल्यांदा खरी भूक म्हणजे काय ते दिसले. पावसाळा संपेपर्यंत तीनाचे शंभरावर गेले. टाकी अपुरी पडू लागली. मग एका रविवारी, मनात कसलाही किंतु न ठेवता, आम्ही निम्मे गप्पी बादलीत घेऊन गावाबाहेरच्या नाल्याच्या डोहात सोडले. ‘मुक्त केले’ असा शब्द आम्ही त्या वेळी वापरल्याचे आठवते. काचेतून नैसर्गिक पाण्यात, हे पाहून डोळे भरून आले होते.

गप्पीचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि त्रिनिदाद बेटात. १८५९ साली पीटर्सने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८६६ साली गुंथरने त्रिनिदादच्या लेचमिअर गप्पी यांच्या नावावरून त्याला नवे नाव दिले. शास्त्रात पीटर्सचे नाव राहिले, लोकांत गप्पीचे. आमच्या विद्यार्थ्यांची व्युत्पत्ती अशी, की तो गप्प बसतो म्हणून गप्पी. हिवतापाविरुद्धच्या मोहिमेत तो आपल्याकडे आला आणि महाराष्ट्रभर हौदांत, टाक्यांत, वापरात नसलेल्या विहिरींत सोडला गेला. बंद पाण्यात, जेथे दुसरे मासे नाहीत तेथे, तो उपयोगाचा आहे, हे आम्ही नाकारत नाही. वाहत्या पाण्याची गोष्ट वेगळी. तेथे आधीच कोणीतरी राहत असते.

कोण राहते, हे आम्ही बादली ओतण्याआधी पाहिले नव्हते. ते दोन वर्षांनी पाहिले, विद्यार्थ्यांना घेऊन मच्छरदाणीच्या तुकड्याने डोह गाळताना. अंगावर दोन काळे ठिपके असलेली बोटभर मासळी, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीजवळ, ती टिक्टो. तोंडापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ ओढलेली, ती रासबोरा. अंगातून काटा दिसावा इतकी पारदर्शक, ती चांदा. या तिन्हींची वर्णने फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात केली, आणि आज परदेशांतले हौशी लोक अशी मासळी काचेत जपतात. आमच्या मच्छरदाणीत त्यांची गणती दोन्ही हातांच्या बोटांवर झाली. बाकी सारे गप्पी. गावात या तिघींना विचारले तर उत्तर एकच: “बारीक मासळी.”

याला आम्हीच कारण, असे म्हणणे हाही एक अहंकार होईल. त्या वर्षांत पाऊस लहरी होता, नाल्यातली वाळू उपसली गेली होती, सोयाबीन-कपाशीवरची फवारणी त्याच पाण्यात उतरत होती. डोहात गप्पी आमच्या आधीही कोठून आले असतील. पण गप्पी इतरांच्या अंड्या-पिल्लांवर ताव मारतो आणि एकट्या गाभण मादीपासून डोह भरतो, हे त्या रविवारी कोठेही वाचायला मिळाले असते. आम्ही वाचले नाही, कारण सोडून देण्यात वाचण्यासारखे काही असते असे आम्हांला वाटले नाही. घास घालणे जसे आपोआप चांगले, तसे मुक्त करणेही आपोआप चांगले. टाकीतल्या चुकीला पाणी बदलण्याचा उतारा तरी होता. नाल्याचे पाणी कोण बदलणार?

नावांचा विषय निघाला म्हणून सांगतो. १८३९ साली कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येक माशांना त्याने येथल्या कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रीय म्हणून दिली. सींगटी, कोलुस, खुद्री, मुल्या, नुक्ता: रोमन लिपीतून फिरून आलेले हे शब्द उघडच आपले आहेत. थुतरीवर खाच असलेला तो नुक्ता म्हणजे आपला नकटाच. जगातल्या कोणत्याही संग्रहालयात त्या माशाच्या बरणीवर एक मराठी शब्द चिकटवलेला असतो. ज्यांना तो नाव देऊन गेला ती मोठी, खाण्याजोगी मासळी होती. कोळ्याला ती वेगळी ओळखावी लागे. बोटभर मासळीला नाव द्यायची गरज कोणालाच पडली नाही. आणि ज्याला नाव नाही त्याचे पालन होत नाही. ते आहे की गेले, हे विचारायला तोंडात शब्दच नसतो. विद्यार्थ्यांनी त्या दिवशी वहीत ‘दोनठिपकी’, ‘एकरेघी’ आणि ‘काचमासळी’ अशी नावे लिहिली. आम्ही ती तपासली नाहीत.

आमच्या व्यवसायाविषयीही दोन शब्द लिहायचा मोह होतो. वर्गातले कोरे चेहरे पाहून आम्ही किती वर्षे टिपणे, संदर्भ, आणखी टिपणे ओतत राहिलो, हे आठवले की पाण्याच्या पृष्ठभागाशी आलेली ती तोंडे दिसतात. पण ही उपमा जरा जास्तच सोयीची आहे. विद्यार्थी मासे नव्हेत. त्यांना बोलता येते, विचारले तर. असो.

टाकी अजून आहे. गाव बदलले, तशी तीही आमच्याबरोबर आली. या खेपेस मात्र स्पंज जुन्या पाण्यात बुडवूनच. तीत आता फक्त नर गप्पी आहेत, म्हणजे संख्या वाढत नाही. एकेक म्हातारा होऊन जातो आणि त्याच्या जागी कोणी येत नाही. पोहरादेवी सोडण्याआधी याडी एकदा टाकी पाहायला आल्या होत्या. तो शनिवार होता, माशांच्या उपासाचा दिवस. मासे काचेशी येऊन त्यांच्या बोटामागे फिरू लागले. आम्ही सवयीने डबी त्यांच्यापुढे धरली, झाकणही उघडले. त्यांनी आत पाहिले, मग काचेतल्या पाण्याकडे पाहिले, ते स्वच्छ होते. “आज ह्यायचा उपास ना?” असे म्हणून त्यांनी आमच्या हातातून झाकण घेतले आणि डबी बंद केली.